नानांचे कान आणि माझं इंग्रजी

धुळ्याच्या ज्या शाळेत मी शिकवते तिथे फोन एकच, मुख्याध्यापिकांच्या टेबलावर. शिपाईमावशी वर्गाच्या दारात येऊन "मॅडम, जळगावहून फोन आहे" एवढंच म्हणाल्या, आणि जळगावहून शाळेत कधीच फोन येत नाही हे मला माहीत होतं. फोनवर बाबा होते. "नाना गेले गं. जेवून आडवे झाले होते, अक्का चहाला उठवायला गेली तर…" पारोळा, एरंडोल करत एसटी जळगावला पोचेपर्यंत मी खिडकीशी बसून होते. रडू आलं नाही. एकच गोष्ट मनात फिरत होती, आणि ती दुःखाची नव्हती, भीतीची होती. मला नानांना काहीतरी सांगायचं होतं. दहा-अकरा वर्षं ते मी सांगितलं नव्हतं. आता ऐकायला ते नव्हते. आणि लिहायला लाज वाटते, पण त्या भीतीच्या तळाशी थोडी सुटकाही होती… आता सांगावं लागणारच नाही, अशी.

नाना म्हणजे माझे थोरले काका. अक्का त्यांची बायको. जळगावातच, मेहरूणला तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर. त्यांना मूलबाळ नाही. मी पोचले तेव्हा अंगणात माणसं जमली होती आणि गल्लीतल्या भजनी मंडळाचे चार जण टाळ-मृदंग घेऊन उभे होते. नाना गळ्यात माळ घालायचे, तेव्हा त्यांना भजन म्हणत न्यायचं हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. मृदंगवाल्यानं शाई लावलेल्या बाजूवर थाप मारून पाहिली आणि आतून अक्का दारात आल्या. पदर खांद्यावरून घसरलेला, आवाज मात्र पक्का. "वाजाडू नका."

"अक्का, असं कसं? माळकरी माणूस मुका न्यायचा का?"

"हा, मुकाच."

मागून कोणीतरी हलकेच म्हणालं, "आता त्यांना काय ऐकू येतंय?" अक्कांनी त्या माणसाला नेमकं शोधून काढलं. "तुले काय माहीत? तू मरीसन उना शे का?"

मरून परत आलेलं तिथे कोणीच नव्हतं. टाळ पिशवीत गेले. नानांना तसंच, चपलांच्या आवाजात, नेलं. गल्लीच्या तोंडाशी बायका थांबल्या, मीही थांबले. शेजारची एक बाई दुसरीला म्हणाली, "शेवटपर्यंत येड्याचं येडंच राहिलं बाई त्या घरात." मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण ते 'येडं' कुठून आलं, कोणी आणलं, हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांत फक्त मला ठाऊक होतं.

नाना दालमिलमध्ये मिस्त्री होते. जळगावात दालमिली पुष्कळ, पण मशीनचं दुखणं नुसतं ऐकून सांगणारा मिस्त्री दुसरा नाही, असं बाबा अभिमानानं सांगायचे. चालू मशीनच्या अंगाला लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावायची. मशीनच्या पोटातलं सगळं त्या लोखंडातून कानात येतं. मी दुसरी-तिसरीत असताना त्यांनी मला एकदा मिलमध्ये नेलं होतं. हवेत तुरीच्या सालीची धूळ, पायाखाली जमीन थरथरणारी, आणि इतका आवाज की नानांचे ओठ हलताना दिसत होते, शब्द नाही. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "बेबी, पोळपाटावर लाटणं फिरल्यासारखं ऐकू आलं तर मशीन सुखी. कोणी फुटाणे चावल्यासारखं आलं तर समज, बेअरिंग चाललं." मी घरी येऊन फ्रिजला चमचा लावून ऐकलं. आमचा फ्रिज सुखी होता.

मग एका दुपारी मोठ्या चाळणीचं बेअरिंग फुटलं, आणि ते फुटलं तेव्हा नानांच्या कानाला स्क्रूड्रायव्हर लावलेला होता. रक्त वगैरे काही आलं नाही. दोन दिवस डावा कान बधिर राहिला, मग उघडला, आणि उघडला तेव्हापासून आत काहीतरी वाजू लागलं. नाना सगळ्यांना सांगायचे, "कान वाजतात." आपल्याकडे या शब्दांचं काय होतं ते वाचकांना वेगळं सांगायला नको. दारावर थाप पडली असं एखाद्याला वाटलं आणि बाहेर कोणी नसलं, की आपण म्हणतोच, "कान वाजले असतील तुझे." म्हणजे नव्हतंच काही. तेव्हा नाना आपलं दुखणं ज्या शब्दांत सांगत होते, त्याच शब्दांत लोक ते खोटं ठरवत होते. मिलमधले म्हणत, "मिस्त्री, कान वाजतात तर नाचा मग!" नानाही हसत. पहिले काही महिने ते खरंच हसत होते.

वाजण्याच्या मागोमाग दुखणं आलं. साधे आवाज त्यांना टोचू लागले. एकदा त्यांच्याकडे जेवायला बसलो असताना आईच्या हातून स्टीलचं ताट फरशीवर पडलं. ताट पडल्यावर ते काही वेळ गोल फिरतं आणि फिरताना आवाज चढत जातो, ते आपल्या लक्षातही येत नाही. नाना पाटावरून उठायला गेले आणि उठताच आलं नाही. दोन्ही हात कानांवर, कोपरं गुडघ्यांत, आणि तोंड उघडं, पण त्यातून काही आवाज नाही… ताट थांबल्यावरही ते तसेच. मोठ्या माणसाला भीती वाटते हे मी त्या दिवशी प्रथम पाहिलं. आई पुन्हा पुन्हा "चुकलं हो, चुकलं" म्हणत होती. नानांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते आईलाच समजावत होते, "तुझं काही नाही गं. कानात कोणी तापली सळई घालतं आणि काढून घेतं, बस तेवढं."

त्यानंतर त्यांच्या घरी जायची मला भीती वाटायची. माझ्या हातून काही पडलं तर? शिंक आली तर? मी पायऱ्या चढताना पैंजण काढून मुठीत धरायचे. पण गंमत म्हणजे, सगळ्या नातेवाइकांत ज्या गोष्टीसाठी मी बोलणी खायचे ("पोरीनं तोंडात मूग धरलेत का?", "इंग्रजी शाळेत जाते म्हणून आमच्याशी बोलत नाही"), तीच गोष्ट त्या घरात कौतुकाची होती. "बेबी आली का? कळलंच नाही. मांजराचे पाय आहेत पोरीचे," असं नाना म्हणायचे आणि मला शेजारी बसवायचे. मी पुस्तक वाचायची, ते खिडकीबाहेर पाहायचे. रिक्षाचा हॉर्न वाजायच्या आधी त्यांचे खांदे वर यायचे. कोपऱ्यावरून रिक्षा येणार हे त्यांना माझ्या आधी कळायचं. तलावाच्या रस्त्यावर घर, त्यामुळे सगळ्या गावाच्या गणपतींचं विसर्जन त्यांच्या दारावरून. त्या दिवशी दोघं पहाटेच्या एसटीनं धुळ्याकडे, अक्कांच्या माहेरी जायची आणि तिथे दिवसभर कपाशीच्या शेतात बांधावर बसायची. एका वर्षी मीही बरोबर होते. आसपास चिटपाखरू नव्हतं. मी म्हटलं, "नाना, इथे बरं वाटत असेल ना?" त्यांनी मान हलवली. "आवाज असला तर दुखतं बेटा, आणि आवाज नसला तर वाजतं. आता तूच सांग, बसू कुठे?" ते हसले नाहीत, तेव्हा मला कळलं की हा विनोद नव्हता.

मी सातवीत असताना कोणीतरी धुळ्याच्या एका कानाच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. नवे होते, दुसऱ्या प्रांतातले, मराठी येत नव्हतं. हिंदी येत होतं, आणि हिंदी नानांनाही येत होतंच, खानदेशात कोणाला येत नाही! पण बाबांच्या मनात वेगळंच होतं. एसटीत ते मला म्हणाले, "बेबी, तू इंग्रजीत सांग. हिंदीत सांगणारे त्यांच्याकडे दिवसाला पन्नास येतात. इंग्रजीत सांगितलं की डॉक्टर नीट लक्ष देतात." माझ्या शाळेसाठी बाबांनी किती ओढाताण केली होती ते मी बघत होते. नाही म्हणायची सोय नव्हती. पारोळ्यापासून धुळ्यापर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होते. 'कान वाजतात'चं काय करायचं? घंटा वाजते ते मला येत होतं, पण कान म्हणजे घंटा नव्हे, तसं बोलले असते तर शाळेतल्या सिस्टर हसल्या असत्या. म्हणून मी ते वाक्य टाकून दिलं आणि माझ्या मते जास्त चांगलं वाक्य तयार केलं.

डॉक्टर नानांकडे पाहून "बोलिए" म्हणाले, आणि बाबांनी माझ्या पाठीला बोट लावलं. मी म्हणाले, नानांना असं काही ऐकू येतं जे दुसऱ्यांना ऐकू येत नाही. शुद्ध इंग्रजीत, एका दमात. डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या, खुर्ची माझ्याकडे वळली, आणि त्यानंतर ते नानांशी एक शब्दही बोलले नाहीत. बाबांचं म्हणणं खरं ठरलं होतं, डॉक्टर नीट लक्ष देत होते. त्यांनी विचारलं, "साउंड्स ऑर व्हॉइसेस?"

आमच्या भाषांतराच्या वहीत आवाज म्हणजे 'व्हॉइस' असं लिहिलेलं होतं. नाना आवाजच म्हणायचे. मी म्हणाले, "व्हॉइसेस, सर."

"डू दे टॉक टु हिम?"

मी नानांना विचारलं, "नाना, डॉक्टर विचारतात, ते आवाज तुमच्याशी बोलतात का?" नाना जरा चकित झाले, मग त्यांना वाटलं डॉक्टर गमत्ये आहेत. म्हणाले, "बोलतात तर! दिवसभर डोकं खातात, अगदी तुझ्या अक्कासारखे." बाबा हसले, नाना हसले. मी डॉक्टरांना सांगितलं, "येस सर. होल डे."

डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी टॉर्चनं दोन्ही कान पाहिले, काहीतरी लिहिलं, पाकीट बंद केलं आणि त्यावर दुसऱ्याच एका डॉक्टरांचं नाव घातलं. परतताना बाबांनी मला बसस्टँडवर उसाचा रस पाजला.

ते दुसरे डॉक्टर डोक्याचे होते. चिठ्ठी वाचून त्यांनी गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी नानांचे हात कापू लागले, तोंड कोरडं पडू लागलं, बोलताना शब्द ओले झाल्यासारखे सांडू लागले. कानातलं वाजणं थांबलं नाही. मिलमध्ये कोणाला तरी डॉक्टरांचं नाव कळलं, आणि महिन्याभरात "मिस्त्रीला आवाज येतात" हे सगळीकडे झालं. चालू पट्ट्याजवळ अशा माणसाला कोण उभं करणार? मालकानं चांगल्या शब्दांत घरी बसवलं. एकदा मी गेले तर नाना खिडकीजवळ नव्हते, भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला पाहून म्हणाले, "बेबी, खरं सांग. मी येडा झालो का?" मी मान हलवली, नाही. त्यांनी विचारलं, "मग सगळे का म्हणतात?" मला उत्तर येत नव्हतं. खरंच येत नव्हतं तेव्हा.

वर्षभरानं जळगावातच एका वयस्कर कानाच्या डॉक्टरांकडे अक्का त्यांना स्वतः घेऊन गेल्या. सोबत बाबा नाहीत, मी नाही. डॉक्टरांनी मराठीत विचारलं, नानांनी मराठीत सांगितलं, "कान वाजतात." डॉक्टर म्हणाले, "हो, मशिनीवर काम केलेल्यांचे वाजतात. नस दुखावली आहे. डोक्याला काही झालेलं नाही तुमच्या." पाच मिनिटांचं काम होतं. गोळ्या हळूहळू बंद झाल्या. आवाज टोचू नये म्हणून नाना कानात घालत तो कापूस डॉक्टरांनी काढून टाकायला लावला, सारखा कापूस ठेवला तर कान आणखी हळवा होतो म्हणाले. बारीक आवाज सोबतीला ठेवा, सवय होईल, याला दुसरं औषध नाही. नानांना सवय थोडी झाली, थोडी नाही. मिल मात्र सुटली ती सुटलीच, आणि येडा हा शब्दही गल्लीतून गेला नाही. बाबा घरी म्हणाले, "त्या धुळ्याच्या डॉक्टरनं वाटोळं केलं." मीही तेच धरून चालले.

दहावीच्या वर्षी शाळेच्या वाचनालयात एक गोष्ट वाचत होते. तिच्यातल्या एका वेड्या बाईला 'व्हॉइसेस' ऐकू येत होते. मी ते वाक्य वाचलं, पुढचं वाचलं, आणि मग पहिल्यावर परत आले. डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न सरळ होता, चांगला होता. उत्तर माझं होतं… त्या दिवसापासून मी नानांसमोर बसायचे तेव्हा ते वाक्य माझ्या जिभेवर असायचं. ते आणि मी, दोघं गप्प बसणारे. त्यांना वाटायचं पोरगी शांत आहे, समजूतदार आहे. मी भित्री होते. मी सांगितलं असतं तर त्यांनी काय केलं असतं, हसले असते बहुधा. पण नसते हसले तर? त्या घरात मी एकटीच अशी होते जिच्या येण्यानं त्यांना काही दुखत नव्हतं. ते मला घालवायचं नव्हतं.

नाना जाऊन तीन आठवडे झाले होते. मी घटक चाचणीवर देखरेख करत होते. चाळीस मुलं खाली मान घालून लिहीत होती, पंखे बंद, वीज गेलेली. त्या शांततेत मला आवाजाची एक रेघ ऐकू आली. बारीक, लांब, कुठूनही न येणारी. आधी वाटलं बाहेर काही असेल. खिडकीशी गेले, दाराशी गेले, ती माझ्याबरोबर आली. मी हात कानांवर ठेवले तर ती वाढली. मनात आलं, दुःखानं असेल. मग आलं, भास असेल. मग आलं, नानांना सगळे हेच सांगत होते. त्या आठवड्यात मी कोणाशी बोलले नाही. ताटाचा आवाज जरा मोठा वाटला की मी दचकून थांबायचे, आता टोचेल का, आता सुरू होईल का. डॉक्टरांकडे जायची हिंमत होईना. ते विचारतील, काय होतं, आणि मला शब्द निवडावे लागतील.

रविवारी मी जळगावला गेले. अक्का नानांच्या खोलीत तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसले, आणि जे नानांना सांगायचं होतं ते अक्कांना सांगितलं. साउंड, व्हॉइस, भाषांतराची वही, सगळं. मधे मधे अडखळले. अक्कांनी सुपातले हात थांबवले नाहीत.

"म्हंजे त्या गोळ्या तशाच दिध्या व्हत्यात," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"त्या गोळ्या घेतच नव्हतात तुना नाना. थुकी देत. मी येडा नही शे, म्हनेत. मंग मी गोळी वाटीसन वरनमा टाकू. वरीसभर." त्यांनी एक खडा शोधला, बाजूला ठेवला. "त्यास्ले कव्हयच सांगं नही मी."

मला वाटलं होतं त्या रागावतील, किंवा जाऊ दे म्हणतील. दोन्ही झालं नाही. मी तेरा वर्षांची होते असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि तुम्हाला काय माहीत असणार असं मीही म्हणाले नाही. वरणातली गोळी माझ्या एका शब्दाची होती, आणि ती वाटणारा हात त्यांचा होता. हे आता आम्हा दोघींना माहीत झालं होतं, आणि ज्यांना माहीत व्हायला हवं होतं ते नव्हते.

निघायची वेळ झाली तरी मी उठले नाही. शेवटी भीतीनंच मला बोलतं केलं. "अक्का," मी म्हटलं, "माझे कान वाजतात."

मी वाट पाहत होते. सगळे जे म्हणतात त्याची.

अक्कांनी सूप खाली ठेवलं, इतकं हलकेच की ठेवल्याचं कळलं नाही. पुढे सरकल्या. "कोनता कानमा?"

"डाव्या."

"शिट्टी शे का भुंगा शे?"

नानांना हे त्या रोज सकाळी विचारत असाव्यात, आपण चहा झाला का विचारतो तसं. धुळ्याच्या डॉक्टरांनी हे विचारलं नव्हतं. बाबांनी नाही. मांजराच्या पायांनी येऊन शेजारी बसणाऱ्या मीही इतक्या वर्षांत एकदाही नाही. मी डोळे मिटले. आठवडाभर जिच्यापासून पळत होते तिच्याकडे पहिल्यांदा कान दिला.

"शिट्टी."

"शिट्टीसंगे ऱ्हाता येस," अक्का म्हणाल्या आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "भुंगा उना तर माले सांगजो. चूप ऱ्हाऊ नको."